मोजणारा रांगेबाहेर

फौजेतून सुटल्यावर माझे पहिले पोस्टिंग भिलाईला झाले, असे मी आजही म्हणतो. माझी मुले हसतात. ते पोस्टिंग नव्हतेच. सात वर्षे सिग्नलमध्ये वायरलेस ऑपरेटर म्हणून काढली होती, त्यातली शेवटची दोन काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर. मुदत संपली, डिस्चार्ज बुक हातात आले आणि मी तुमसरला घरी परतलो. वडील धानाच्या गिरणीत पोती वाहत. मी म्युनिसिपल शाळेतून मॅट्रिक झालो होतो, पण मॅट्रिकला गावात विचारते कोण? कोणीतरी सांगितले की दुर्गजवळ पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे, राबणाऱ्या माणसाला तिथे काम आहे. मी फौजेतली काळी ट्रंक उचलली आणि पॅसेंजरने निघालो.

भिलाईत तेव्हा पहिली भट्टी पेटून वर्ष उलटले होते. कारखान्याच्या पलीकडे टाउनशिप आखली जात होती. सेक्टर ६ मध्ये काही क्वार्टर उभे होते, बाकी ठिकाणी चुन्याच्या रेघा आणि खुंट्या. रस्ते नकाशावर होते, जमिनीवर नव्हते. एका ठेकेदाराकडे सांडपाण्याचे पाइप टाकायचे काम होते. त्यासाठी माणसाच्या उंचीहून खोल चर खणायचे, त्यात पाइप बसवायचे आणि माती परत लोटायची. मला त्या गँगमध्ये घेतले.

गँगचे प्रमुख होते हवालदार डोमाजी कापगते, रिटायर्ड. गाव साकोलीकडचे. सॅपर कंपनीत त्यांनी पूल बांधण्यात उमेदीची वर्षे घालवली होती. उंची बेताची, मिशी आखूड, गळ्यात दोरीला शिटी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले आणि विचारले,

“ब्रँच?”

“सिग्नल, साब.”

“मंग तुले ऐकता येत असन. इथं सगळे बोलूनच राहिले.”

मुलाखत एवढीच झाली.

गँगमध्ये निम्मे माजी फौजी होते आणि निम्मे आसपासच्या खेड्यांतले छत्तीसगढी मजूर, बायाही त्यात आल्या. हवालदारसाहेबांच्या हाताखाली बलीराम होता, धमतरीकडचा, फौजेतला नाईक. कामाची पद्धत फौजेची होती. काठावर माती साठू द्यायची नाही. चराच्या दोन्ही भिंतींना फळ्या लावून मधे आडव्या लाकडी बल्ल्या ठोकल्याशिवाय कोणी खाली उतरायचे नाही. आणि सकाळी कामाआधी व कामानंतर गिनती.

गिनती म्हणजे सगळ्यांनी रांगेत उभे राहून आपापला नंबर ओरडायचा. एक, दो, तीन. माझा नंबर सात. फुलबासन नावाच्या मजूर बाईचा नंबर ग्यारा. सुरुवातीला या बाया पदर तोंडावर घेऊन हसत. मग सवय इतकी झाली की सासूने घरात हाक मारली तरी आपण “ग्यारा” म्हणून उत्तर देतो, असे फुलबासननेच एकदा सांगितले आणि अख्खी रांग हसली. हवालदारसाहेबही हसले. मग म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून.

रांगेत सत्तावीस माणसे होती. हवालदारसाहेब रांगेसमोर उभे राहत, बलीराम त्यांच्या बाजूला. सत्ताईस ऐकू आले की बलीराम सॅल्यूट करून म्हणायचा, “गिनती पूरी, साब.” मग हवालदारसाहेब शिटी वाजवायचे आणि लोक पांगायचे. गिनती घेणारा रांगेबाहेर उभा राहतो. त्याला नंबर नसतो. फौजेत असेच चालते, म्हणून आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारले की मजुरांची रोज दोनदा गिनती कशाला. त्यांनी भाकरी खाली ठेवली. लढाईच्या दिवसांत आसामच्या बाजूला त्यांच्या सेक्शनने एका नदीवर पूल टाकला होता. काम संपवून सगळे घाईने परतले, गिनती राहून गेली. सकाळी समजले की एक सॅपर पलीकडच्या काठावर पाय मोडून पडला होता. हाका मारत असणार, पण पाण्याच्या आवाजात काय ऐकू येणार? एवढे सांगून त्यांनी भाकरी उचलली.

त्यांच्याबद्दल आणखी थोडे सांगतो, कारण मी आज जो आहे तो त्यांच्या घरामुळे आहे. कॅम्पमध्ये टिनाच्या दोन खोल्यांत ते राहत. पत्नी गिरजावहिनी, थोरली मुलगी यमुना आणि दोन धाकटे मुलगे. भावाला शेत सोडून ते इकडे आले होते, मुलांना शाळा मिळावी म्हणून. सकाळी तांब्यात निखारे घालून मुलांच्या शाळेच्या कपड्यांना स्वतः इस्त्री करायचे. रविवारी मुलांच्या चपला टाचून द्यायचे. दाराशी सगळ्यांच्या चपला उंचीप्रमाणे लावलेल्या असत. मी त्या घरी जायला लागलो तशी माझ्या बुटांनाही त्या ओळीत जागा मिळाली.

मी बी.ए.ला बाहेरून बसावे हे त्यांनीच ठरवले. मी म्हणालो, माझ्या घराण्यात कोणी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. ते म्हणाले, “पूल टाकाच्या आधी नदीवर पूल नसतेच.” त्यांच्या घरातला एक कोपरा माझ्या पुस्तकांना मिळाला. गिरजावहिनी मला न विचारता ताट वाढत. यमुना सातवीपर्यंत शिकली होती. मी मोठ्याने वाचायचो आणि ती चुलीपाशी बसून ऐकायची. कधी कधी माझ्याआधी तिचेच पाठ व्हायचे.

यमुनासाठी गोंदियाहून एक स्थळ आले. मुलाचे वडील सखारामजी रेल्वेत मेट होते, रुळांच्या गँगचे प्रमुख. मुलगा रेल्वेतच लागला होता. ते दोघे मे महिन्यात एके दिवशी दुपारच्या पॅसेंजरने दुर्गला उतरणार आणि मुलगी पाहणार, असे ठरले. हवालदारसाहेबांना त्या आठवड्यात दुसरे काही सुचत नव्हते. पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला जायचे, टांगा ठरवायचा, आपण सायकलने बरोबर यायचे, असा सगळा मूव्हमेंट प्लॅन त्यांनी मला ऐकवला. मी घरी हजर राहायचे, कारण पाहुण्यांशी बोलायला शिकलेला माणूस हवा.

“मी काय बोलणार, साब?”

“ते इचारतीन, पोट्टी वाचते का? तू सांग, माह्यापेक्षा चांगली वाचते.”

उन्हामुळे आमचे काम सकाळी सहाला सुरू होऊन दोनच्या भोंग्याला संपत असे. त्या दिवशी हवालदारसाहेबांनी इस्त्रीचा बुशशर्ट कापडी पिशवीत घालून आणला होता. भोंग्याच्या थोडे आधी त्यांनी बलीरामला बोलावले. म्हणाले, गिनती तू घे, मी दुर्गला निघतो. त्यांची सायकल अवजारांच्या टिनशेडमागे सावलीला असे. शेड चराच्या वळणाच्या पलीकडे होते; फावडी-घमेली लोक झोपड्यांवरच नेत, त्यामुळे सुटीनंतर तिकडे कोणी फिरकत नसे. ते त्या दिशेने चालत गेलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले.

भोंगा वाजला. तो बराच वेळ वाजत असे, आणि तो वाजत असताना शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नसे. भोंगा थांबल्यावर बलीरामने रांग लावली. एक, दो, तीन. सात मी म्हणालो. सत्ताईस झाले. बलीराम हवालदारसाहेबांच्या जागी उभा होता. सॅल्यूट करायला समोर कोणी नव्हते, म्हणून त्याने नुसतेच म्हटले, “गिनती पूरी.” आम्ही पांगलो.

मी खोलीवर गेलो. आंघोळ केली. थोडा झोपलोही. मग धुतलेला शर्ट घालून कॅम्पात हवालदारसाहेबांच्या घरी गेलो. गिरजावहिनींनी अंगणात पाणी शिंपडले होते. दाराशी चपलांची ओळ होती.

चार वाजून गेल्यावर टांगा आला. त्यातून सखारामजी उतरले, धोतर आणि काळी टोपी. मागून मुलगा उतरला. हवालदारसाहेब नव्हते. मला वाटले, सायकलने मागून येत असतील. सखारामजी खाटेवर बसले, पाणी प्याले आणि मिशीत हसत म्हणाले,

“तुमचे हवालदार टाइमाचे लय पक्के म्हणे. आमाले तर ठेसनावर कोनी दिसलं नाही बाप्पा. घर इचारत इचारत आलो.”

गिरजावहिनी दारातून म्हणाल्या, “ते तं तुमालेच घ्याले गेले जी.”

“कुठं गेले? आमी तासभर तिथंच उभे होतो.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की ते आमच्या आधी निघाले. हे वाक्य म्हणता म्हणता माझ्या लक्षात आले की त्यांना चालत जाताना मी पाहिले होते, सायकलवर बसताना नाही. कोणीच पाहिले नव्हते.

यमुना आतून चहा घेऊन येत होती. मी उठलो. सायकल पंक्चर झाली असेल, पाहून येतो, असे म्हणालो. सखारामजींनी माझा चेहरा वाचला असावा. रुळांवर काम करणारा माणूस होता. चहा न घेता ते उठले, मुलाला तिथेच बसवले आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले.

टिनशेडमागे त्यांची सायकल उभी होती. हँडलला पिशवी तशीच. आत शर्ट, घडी न मोडलेला.

मी हाक मारली. शेडला कुलूप होते. वळणापासून पुढे चराचा शेवटचा तुकडा होता, तिकडे मी पाहिले. तिथे चर नव्हता. दोन्ही काठ आत आले होते आणि मधे ओलसर काळी माती भरली होती. एक बल्ली मातीतून तिरकी वर आली होती. आदल्या दिवशी त्या काठाशी पाण्याचा टँकर उभा राहिला होता. वरचा मुरूम कोरडा दिसत होता, खालची काळी माती पाणी प्यायली होती. भोंगा वाजत असताना ती बसली असणार. आम्ही कोणी काही ऐकले नव्हते.

मजुरांच्या झोपड्या जवळच होत्या. मी धावत जाऊन बलीरामला उठवले. काय सांगितले ते आठवत नाही. तो तसाच बनियनवर आला, मातीकडे पाहिले आणि खाली बसला. मला वाटले हा आता उठत नाही. मग तो उठला आणि त्याचा आवाज बदलला. तो नाईकचा आवाज होता.

“कोनो काठ म झन दउड़व. पहिली पटरा लाव.”

कोणी काठावर धावायचे नाही, आधी फळ्या. घाईत दुसरी भिंत बसली असती. लोक येत गेले तसे त्याने त्यांना जागेवर लावले. फावडी वर, हात आणि घमेली खाली. फुलबासन आणि बाया साखळी करून माती लांब फेकू लागल्या. सखारामजींनी टोपी शेडच्या कडीला अडकवली, धोतर खोचले आणि कोणाला न विचारता खाली उतरले.

थोड्या वेळाने मी बलीरामला म्हणालो, सगळ्यांना गप्प कर. वायरलेसवर हेच शिकवतात: आधी ऐका, मग बोला. बलीरामने हात वर केला. “साइलेन्स.” सगळे जागच्या जागी थांबले. मी मातीत रोवलेल्या बल्लीला कान लावला.

शिटी ऐकू आली. एकदा. अगदी बारीक. कोणीतरी फुंकता फुंकता थांबावे तशी.

मी वर पाहिले. सगळ्यांना कळले. फुलबासन रडायला लागली आणि रडता रडता घमेले उचलू लागली. बलीरामने एका माणसाला सायकलवर कॅम्पात पाठवले, घरी सांग साब जिवंत आहेत. दुसऱ्याला डॉक्टर आणि गाडीसाठी पाठवले. आम्ही सगळे त्या एका आवाजाच्या जोरावर माती उपसत होतो. तोंडांवर हसू आल्यासारखे झाले होते. तसे हसू मी पुन्हा पाहिले नाही.

हात आधी सखारामजींना लागला. त्यांनी तो धरला आणि म्हणाले, “हवालदार, मी गोंदियाचा सखाराम. येऊन राहिलो बाप्पा. धीर धरा.”

हात गरम होता. बोटे मिटली नाहीत.

दोन फळ्या एकमेकींवर पडून त्यांच्या डोक्याशी थोडी पोकळी राहिली होती. तिच्या आधारावर ते इतका वेळ राहिले. छातीवर बल्ली होती. शिटी दातांत होती. डॉक्टर आले तेव्हा ऊन उतरले नव्हते. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि उभे राहिले. आमच्यातला एक जण त्यांना म्हणाला, आत्ता शिटी वाजली होती, तुम्ही नीट पाहा. त्यांनी पुन्हा नाडी पाहिली. तेवढे त्यांनी आमच्यासाठी केले.

त्यांच्या अंगाखाली एक फावडे निघाले. खाली अवजार विसरायचे नाही, हा त्यांचाच नियम होता, आणि जाता जाता चराच्या तळाशी नजर टाकायची ही त्यांचीच सवय. ते फावडे कोणाचे, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. पुढेही नाही.

पोस्टवर असताना मी माणसे गेलेली पाहिली होती. सेटवर मेसेज यायचा, मी तो लिहून पुढे द्यायचो. तिथे माणूस जाऊ शकतो हे सकाळी उठतानाच माहीत असायचे. इथे आम्ही गटारीचे पाइप टाकत होतो. दुपारी दोनला सुटी झाली होती. मी आंघोळ करून झोपलो होतो, आणि तेवढा वेळ ते तिथे होते. हे माझ्या डोक्यात शिरायला किती काळ लागला, सांगता येत नाही.

त्यांना घरी नेले तेव्हा तिथे अजून पहिलाच निरोप होता. गिरजावहिनींनी चुलीवर हळद घालून दूध ठेवले होते. गाडीतून काय उतरते आहे ते त्यांनी पाहिले, पुन्हा आत गेल्या आणि दूध उतरवून ठेवले. मग बाहेर आल्या.

यमुना रडत नव्हती. तिच्या अंगावर पाहुण्यांसाठी नेसलेले लुगडे होते. ती माझ्यापाशी आली. तिने विचारले, गिनती झाली होती का? मी म्हणालो, झाली होती. पूर्ण भरली होती.

ती म्हणाली, “काका, बाबा सगळ्याईले मोजत. बाबाले कोन मोजत होतं?”

बलीराम मागे उभा होता. त्याला मराठी जेमतेमच कळत असे. एवढे कळले.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी झाला. सखारामजी थांबले होते. निघताना ते गिरजावहिनींसमोर उभे राहिले. त्यांच्या नखांत अजून काळी माती होती.

“बाई, मी पोरगी पाह्याले आलो होतो. पाह्यली. वर्ष सरलं का घ्याले येतो.”

वहिनींनी मान डोलावली. ते वर्षाने आले. लग्न साधेच झाले. मुलीच्या बापाच्या जागी आमच्यापैकी कोणीतरी बसावे असे वहिनींनी सांगितले, तेव्हा मी मागे सरलो आणि बलीरामला पुढे केले. तो वेगळ्या जातीचा, वेगळ्या मुलखाचा. कोणी हरकत घेतली नाही.

मी त्या वर्षीच्या परीक्षेला बसलो नाही. पुढच्या वर्षी बसलो आणि एकेक परीक्षा देत बी.ए. पास झालो. निकाल घेऊन मी आधी कॅम्पात गेलो, मग तुमसरला. गिरजावहिनींनी कागद हातात घेतला, वाचता येत नसून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, जेवून जा. पुढे मी शाळेत मास्तर झालो. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. हे वाक्य लिहिताना ‘मी’ हा शब्द मला जरा उसना वाटतो.

पण सांगायचे राहिले ते अपघातानंतरच्या तिसऱ्या दिवसाचे. काम पुन्हा सुरू झाले, कारण पाइप उघडे होते. सकाळी सहाला आम्ही रांग लावली. बलीराम समोर उभा होता. शिटी त्याने गळ्यात घातली नव्हती, मुठीत धरली होती. एक, दो, तीन. सात मी म्हणालो. ग्यारा फुलबासन म्हणाली. सत्ताईसपर्यंत आवाज गेला आणि थांबला.

बलीराम हलला नाही. गिनती पूरी, असे म्हणाला नाही. मग तो चालत रांगेच्या टोकाला गेला, शेवटच्या माणसाशेजारी सावधान उभा राहिला आणि समोर बघत म्हणाला, “अट्ठाईस.”

समोरची जागा रिकामी होती. आम्ही सगळे तिकडे पाहत होतो. आता काय करायचे कोणालाच कळत नव्हते. तेव्हा फुलबासन हळूच म्हणाली, “उनतीस.”

बलीरामने शिटी वाजवली. आम्ही कामाला गेलो.

ते काम संपेपर्यंत आमची गिनती रोज दोनदा झाली आणि रोज एकाने जास्त भरली. ठेकेदाराच्या माणसाने एकदा थांबून बोटांनी आम्हाला मोजले. पुन्हा मोजले. मग तो निघून गेला.